संकट दुसरीकडे

मालाडच्या त्या चाळीत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालावं तर दत्तारामनेच. हातात नारळ धरून तो "बा देवा महाराजा" म्हणाला की भजनीबुवांपासून पोरासोरांपर्यंत सगळे हात जोडत आणि वाक्यावाक्याला "होय महाराजा" म्हणत. संपात त्याची गिरणीतली नोकरी गेली, पण हा मान कोणी घेतला नाही. त्याचा त्याला जरा तोराही होता, खोटं कशाला बोला.

गेल्या गणपतीत त्याचा मुलगा नंदू बगदादला वेल्डिंगच्या कामावर होता. इराण-इराकची लढाई चाललेली, शहरांवर बॉम्ब पडत होते. रेडिओवर बातम्या लागल्या की नंदूची आई, प्रेमा, हातातलं काम टाकून बसायची. तेव्हा दत्तारामने जीव ओतून मागितलं, "नंदूच्या वाटेर जा काय संकट येवचा आसात, ता दुसरीकडे धाड रे महाराजा." "होय महाराजा," सगळी चाळ गरजली. प्रेमाने हे मोठ्या कौतुकाने नंदूला पत्रात कळवलं.

देवाने ऐकलं. शिमग्याच्या दिवसांत नंदूच्या गल्लीत बॉम्ब पडला. त्याच्या खोलीची नुसती तावदानं फुटली. समोरचं रोटीवाल्याचं घर मात्र भुईसपाट झालं.

नंदू घरी आला तो अंगावर ओरखडाही न घेता. प्रेमाने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. पण जेवायला बसला की भाकरीचा तुकडा मोडायचा आणि तसाच ताटात ठेवायचा.

यंदा आरतीआधी दत्ताराम नारळ पुसत बसला होता. नंदू जवळ येऊन बसला.

"बाबा, दुसरीकडे म्हणजे खंय?"

"काय रे?"

"तुमी देवाक सांगितलात ना, संकट दुसरीकडे धाड. आयेन लिवलेला. समोर जैनब होती, रोटीवाल्याचा चेडू. एवढासा. माझ्यासाठी गरम रोटी घेवन येय. ढिगाऱ्यातसून मियाच भायर काढलंय तिका."

"अरे, मिया तुझ्यासाठी मागितलंय. बापूस आणिक काय मागतलो?"

"ता माका कळता, बाबा. पण दुसरीकडे तिचा घर होता."

दत्ताराम पुन्हा नारळ पुसायला लागला. आरती झाली, त्याने नारळ उचलला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. चाळीचं, मुलाबाळांचं, गावच्या घराचं सगळं मागून झालं. मग वर्षानुवर्षं जिभेवर बसलेलं वाक्य आलं, "जा काय संकट येवचा आसात..." आणि तो थांबला. त्याने दारात उभ्या नंदूकडे पाहिलं.

"ता खंयच धाडू नको रे महाराजा. खंयच्याच घरार नको."

असलं मागणं कोणी ऐकलं नव्हतं. संकट घरातून काढायचं, तर ते कुठेतरी जायला नको का? माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"होय महाराजा," दारातून एकटा नंदू म्हणाला.

दत्ताराम सगळ्यांसमोर रडला. लढाई थांबून महिना होत आला होता. त्याचं मागणं एक गणपती उशिरा आलं होतं, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.