'ओ'वर फाटणारा आवाज

आमच्या लातुरात 'नीट' हा शब्द आता व्यवस्थित या अर्थानं कुणी वापरत नाही. नीट म्हणजे परीक्षा, आणि जो तो तिच्या मागं. माझा नवरा किशन त्याच परीक्षेच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. चौकातल्या फ्लेक्सवर हाताची घडी घातलेला त्याचा फोटो आहे, आणि जगातली कुठलीही अडचण फळ्यावर सूत्र मांडलं की सुटते असा त्याचा पक्का समज आहे. मी नांदेडची. शाळेत संगीत शिकवते, विशारद आहे, त्यामुळं आपला कान म्हणजे कान असा माझाही तोरा होताच. थोडक्यात, घरात शहाणे दोन आणि त्यांच्या कचाट्यात सापडलेल्या माझ्या सासूबाई, सुभद्राबाई.

सुरुवात झाली माझ्या डोहाळजेवणात. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते. माझी आई नाही, म्हणून सगळं लातुरातच करायचं ठरलं होतं. सासूबाईंच्या गावाकडच्या बसम्मा आल्या होत्या. गाव म्हणजे किल्लारीच्या जवळचं, भूकंपात सगळं बसलं ते. ओटी भरून झाल्यावर बसम्मा म्हणाल्या, "सुभद्रे, पाळणा म्हन की गं. गावात तुज्याबिगर एक बारसं होत न्हवतं."

सासूबाई नको नको म्हणत होत्या. बायका कुठल्या ऐकायला! शेवटी त्यांनी सुरू केलं, आणि मी हातातला पेढा तसाच धरून बसले. इतका मोकळा, भरघोस आवाज या बाईच्या गळ्यात आहे आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही? ओळ चढत गेली, वरच्या सुरावर पोचली, आणि शेवटच्या 'जो'वर आवाज टराटरा फाटला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "झालं माय, वय झालं आता," असं हसून म्हणाल्या आणि ताटं उचलायला आत गेल्या.

किशन पलीकडच्या खोलीत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. भूकंपाच्या वेळी तो नांदेडला मामाकडं शिकायला होता, म्हणून वाचला. धाकटी बहीण शीला घरात होती, ती गेली. तो गावी पोचला तोवर सगळं उरकलं होतं. ती गोष्ट तो कधी काढत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "त्याच्यानंतर माय कुणाच्याच बारशाला गायली नाही. लोक म्हणतात धुळीनं घसा गेला." आणि लगेच त्याच्या चेहऱ्यावर फळ्यासमोरचा भाव आला. "आपल्या बाळाच्या बारशाला मायच पाळणा म्हणणार. बघच तू."

आधी घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि घसा स्वच्छ आहे म्हणाले. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. किशनला मात्र आनंदच झाला. घशात दोष नाही म्हणजे दोष वापरण्यात आहे, आणि वापरणं शिकवता येतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आला, त्याला एक माईक आला. सासूबाई 'आ' म्हणाल्या की पडद्यावर एकावर एक आडव्या रेषा उमटायच्या. सगळ्यात खालची रेष म्हणजे मूळ सूर, वरच्या त्याच्या पोटातले सूर. छातीतून आवाज लावला की रेषांची जाड चवड दिसायची. सूर चढून डोक्यात गेला की वरच्या रेषा विरायच्या, खालच्या एकदोन राहायच्या. मधे जिथं आवाज फाटायचा तिथं रेष तुटून दुसरीकडंच उगवायची.

"माय, आवाजाला दोन गियर असतात," किशन सांगायचा. "तू पहिल्या गियरमध्येच गाडी पळवून राहिलीस. घाटावर ती धडधडणारच. वर जाताना हळूच दुसरा टाकायचा. कानानं कळत नसलं तरी डोळ्यांनी बघ. रेष तुटली की चुकलं."

मला राहवायचं नाही. आमच्याकडं डोक्यातल्या पोकळ आवाजाला 'खोटा आवाज' म्हणतात, आणि गुरुजी त्यासाठी पट्टी मारायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "आई, खोटा आवाज लावू नका, पोटातून काढा!"

सासूबाई एकदा चष्मा काढून म्हणाल्या, "एक म्हनतंय डोक्यातून काढ, एक म्हनतीय डोक्यातून काढू नका. आता मी कुठनं काढू, सांगा बरं."

पण बसायच्या. भांडी झाली की स्वतःच पदर खोचून लॅपटॉपसमोर यायच्या. लेक रोज जवळ बसतोय, हे त्यांना हवं होतं. एरवी किशन क्लासमधून यायचा तो जेवून झोपायला. आणि खरं सांगायचं तर रेष सुधारत होती. 'आ'वर पट्टी चढत गेली, 'ई' सरळ गेली, 'ऊ' तर लोण्यासारखा. फक्त 'ओ' आला की त्याच उंचीवर, त्याच जागी, आवाज फाटायचा. पाळण्यात तर प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'जो' येणार, त्याला इलाज नाही.

किशननं स्वरांचा एक तक्ता छापून आणला आणि कारण शोधलं. "प्रत्येक स्वराचं तोंडात एक रेझोनन्स असतं, म्हणजे तो जिथं घुमतो ती उंची. 'आ'चं वर, 'ओ'चं खाली. सूर चढताना ते ओलांडायला लागतं, म्हणून 'ओ' आधी फाटतो. एकदम सरळ आहे."

"मग 'ई' का फाटत नाही?" मी विचारलं. "तुमच्याच तक्त्यात 'ई'चं तर 'ओ'पेक्षाही खाली आहे."

त्यानं तक्त्याची घडी घातली. म्हणाला, "डेटा कमी आहे." क्लासमध्ये एखाद्या पोरानं असलं उत्तर दिलं असतं तर त्यानं बाकावर उभं केलं असतं.

मग दिवाळीच्या सुट्टीत त्याला नवीन युक्ती सापडली. कुठंतरी त्यानं वाचलं की माणूस लांबच्या माणसाला हाक मारतो तेव्हा दोन्ही गियर आपोआप जुळतात. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "हाळी! माय, तू शेतातून हाळी द्यायचीस ती आख्ख्या शिवारात ऐकू जायची. तीच दे. मी गच्चीवर जातो. तू मला हाळी दे, मी तिकडनं ओ देतो."

दुपारची वेळ होती. तो गच्चीवर गेला. मी माईक जिन्याकडं वळवला. सासूबाई जरा लाजल्या, मग दाराच्या चौकटीला हात लावून त्यांनी हाळी दिली, "किशनाऽऽ!"

मी विशारद बाई, पण असा सूर मी लावलेला नाही. खालून वर गेला आणि कुठं जोड दिसला नाही. पडद्यावरची रेष सरळ चढली. आणि गच्चीवरून, भिंतींमधून, बारीक होऊन किशनचा आवाज आला, "ओऽऽ!"

सासूबाई मटकन खाली बसल्या.

मला वाटलं चक्कर आली. मी पोट सांभाळत वाकले तोवर किशन दोन दोन पायऱ्या उतरत आला. "माय, बघितलंस का? एक तुकडा नाही!" तो सरळ पडद्याकडंच गेला. त्यानं रेष मोठी करून दाखवली. सासूबाई उठल्या, खुर्चीत बसल्या, चष्मा लावला.

"ह्यात पल्याडचा आवाज बी दिसतोय का रे?" त्यांनी विचारलं.

"हाव की. हा माझा ओ. ही बारीक रेष दिसतीय ना, ही."

त्यांनी त्या फिकट रेषेवर बोट ठेवलं. रेष थोड्या अंतरावर संपत होती. त्या शेवटापर्यंत बोट नेऊन तिथंच धरून बसल्या. किशनला मित्राचा फोन आला, तो खुशीत बोलत बाहेर गेला. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, "आता बोल."

मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं नाही. पडद्याकडं बघतच म्हणाल्या, "शीला बी अशीच ओ देत हुती."

मी ग्लास खाली ठेवला.

"मी अंगणात निजले हुते, म्हनून भायेर ऱ्हायले. ती आत, आजीपाशी. माळवद खाली बसलं. दगड, माती, काय दिसंना. मी हाळी दिली, तर आतून ओ आली. लोकं म्हनले, बाई, हाळी देत ऱ्हा, तिच्या 'ओ'वरनं जागा घावंल. पर समद्याच घरावर कुनी ना कुनी हाळी देऊन ऱ्हायलं हुतं. कुनाची ओ कुठनं येतीय, कळंना. इथं खणलं, तिथं खणलं. मी हाळी देतीय, ती ओ देतीय. मंग ओ बारीक झाली. मंग मीच ओरडत ऱ्हायले." त्या थांबल्या. "लई शानी हुती गं. एका हाळीला चुकली न्हाई."

मी त्यांचा हात धरला. घशातली धूळ, रेझोनन्स, खोटा आवाज. आम्ही दोघांनी मिळून या बाईला रोज संध्याकाळी 'ओ' म्हण, 'ओ' म्हण करून छळलं होतं. मला इतकी लाज वाटली की रडूही येईना.

"आजपासून बंद," मी म्हटलं. "मी सांगते त्यांना."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "न्हाई. माज्या गळ्याची आन हाय तुला. त्यो तवा तितं न्हवता, त्येच त्याला खातंय. त्याला काय बी म्हाईत न्हाई. आता तर कुठं जवळ बसून ऱ्हायलाय. म्हनीन मी पाळणा. त्याच्यासाठी म्हनीन."

शपथ म्हणजे आमच्याकडं शपथ. आधुनिक बाई आहे मी, पण सासूच्या गळ्याची शपथ मोडायची माझी छाती झाली नाही. मी आडून प्रयत्न केले. किशनला म्हटलं, बारशाला स्पीकरवर पाळणा लावू, आईंना त्रास होतो. तो म्हणाला, "तुझ्या गुरुजींना जमलं नाही ते मशिननं केलं, म्हणून तुला झोंबतंय." सासूबाईंना म्हटलं, मलाच पाळणा आवडत नाही. त्या म्हणाल्या, "खोटं बोलाया तुला येत न्हाई, मालविका." दोघांच्या मधे मी नुसती फिरत राहिले. किशननं 'ओ'वर तोडगाही काढला, वर गेल्यावर 'जो'चा जरासा 'जू' करायचा. सासूबाईंनी तो मुकाट्यानं घोटवला. मी आतल्या खोलीत कानात बोटं घालून बसायचे.

मुलगी झाली. किशन म्हणाला, "लक्ष्मी आली." सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तिच्या कपाळावरून हात फिरवला.

बारशाला घर भरलं होतं. आत्या म्हणून निलंग्याहून किशनची चुलत बहीण रत्नम्मा आली होती. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. किशन कोपऱ्यात फोन धरून उभा, त्यात तो रेषांचा पडदा सुरू. क्लासमधल्या दोन सरांना तो आधीच सांगून बसला होता की आमच्या मायचा आवाज आम्ही परत आणला.

सासूबाईंनी पाळण्याची दोरी धरली आणि सुरू केलं. पहिलं कडवं, मग 'जो'. सरळ गेला. बसम्मांनी डोळे पुसले. दुसरं कडवं, तिसरं. कुठंही अडखळल्या नाहीत. फक्त प्रत्येक 'जो'नंतर त्या क्षणभर थांबत होत्या. बायकांना वाटलं दम घेतायत. किशन माझ्याकडं बघून हसत होता, त्याचे डोळे भरले होते. मी पण हसले. दुसरं काय करणार होते?

पाळणा संपला. बायका पुढं सरकल्या. "आत्या कुठं गेली? नाव ठेवायला आत्या पायजे." रत्नम्मा मागं मोरीत हात धूत होती. बसम्मा म्हणाल्या, "सुभद्रे, आत्याला हाळी दे की गं."

सासूबाईंनी दोरी सोडली. दाराकडं वळून ताठ उभ्या राहिल्या, चौकटीला हात लावला.

"शीलेऽऽ!"

बसम्मांनी हात तोंडावर ठेवला. किशनचा फोन हातातच होता, पण तो पडद्याकडं बघत नव्हता, मायकडं बघत होता. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या तोंडावर जे होतं ते त्यानं वाचलं. त्याचं तोंड उघडलं. मला वाटलं हा आता ओ देईल. पण आवाज फुटला नाही. रत्नम्मा ओल्या हातानं दारापर्यंत आली आणि तिथंच थबकली.

सासूबाईंनी मान जरा कलती करून ऐकलं. मग त्यांनी पुन्हा हाळी दिली, पहिलीपेक्षा वरच्या सुरात. आवाज कुठंच फाटला नाही.