दुर्बीण

“वायरलेसवर हाकच आली नाही, साहेब,” पायलट अपघाताची चौकशी करणाऱ्या साहेबांना म्हणाला आणि प्लास्टरमधला हात सावरत खिडकीबाहेर बघू लागला.

बाहेर तळे होते. समोरच्या खुर्चीत धक्क्यावरचा टेहळ्या बसला होता. तळ्यावर उतरणारी विमाने त्याने बावीस वर्षे दुर्बिणीतून न्याहाळली होती. या विमानांना पाण्यासाठी होडीसारखे पाय असतात आणि जमिनीसाठी चाके. पाण्यावर उतरताना चाके वर ओढायची राहिली, की विमान कोलांटी खाते. म्हणून दर वेळी तो वायरलेसवर सांगे, “चाकं वर.” वरून उत्तर येई, “ठीक.”

परवा त्याला चाके खाली लोंबताना दिसली. “चाकं खाली आहेत, उतरू नका,” तो घसा फुटेस्तोवर ओरडला. वरून सवयीने उत्तर आले, “ठीक.”

विमान उलटले. होडी पाण्यात घालून त्यानेच पायलटला ओढून काढले; विमानातले दोन प्रवासीही नशिबाने वाचले. होडीत धापा टाकत पायलट म्हणाला होता, “दादा, मी न ऐकताच ठीक म्हणून बसलो.”

पायलट म्हणजे टेहळ्याच्याच धाकट्या बहिणीचा नवरा. हे स्थळही त्यानेच हौसेने शोधले होते.

“धक्क्यावर आणखी कोण होतं?” साहेबांनी विचारले.

“माझी बहीण. डबा घेऊन आली होती, शेजारीच उभी होती.” हे सांगताना टेहळ्याचा जीव भांड्यात पडला. आईच्या माघारी तिला त्यानेच वाढवले होते.

बहीण आत आली. तिने नवऱ्याच्या हाताकडे पाहिले, मग जमिनीकडे.

“वारा फार होता, साहेब. मला काही ऐकू आलं नाही.”

टेहळ्याच्या पायांखालची जमीन सरकली. पायलटला लायसन्सची भीती होती, त्याचे खोटे एक वेळ समजले असते. पण हिने? साहेब टेहळ्याला म्हणाले, उद्यापासून येऊ नका. त्याने गळ्यातली दुर्बीण काढून टेबलावर ठेवली. एवढा दगा त्याला तळ्यानेही कधी दिला नव्हता.

तो धक्क्यावर आला. मागोमाग बहीण आली.

“दादा, घरी चल ना. मी सगळं सांगते तुला.”

तेवढ्यात डोंगरामागून दुपारचे विमान आले. त्याने कपाळावर आडवा हात धरून, डोळे बारीक करून पाहिले.

“चाकं वर,” तो हळूच म्हणाला. मग मागे न वळता त्याने विचारले, “ऐकू आलं?”

विमान अलगद पाण्यावर टेकले.