वल्ह्याचं लाकूड

डोंबिवलीच्या कारखान्यात दामाजीला सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. निम्मी थट्टा, निम्मा मान. कॉम्प्रेसर कुरकुरायला लागला की तो पिशवीतून वल्ह्याचा हातभर तुकडा काढायचा, एक टोक लोखंडाला टेकवायचा, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून घ्यायचा. मग म्हणायचा, “आतलं बेअरिंग चाललंय. चार दिवस काढील.” उघडून बघावं तर बेअरिंग खरंच गेलेलं असायचं.

ठाण्याच्या खाडीवर त्याचा बाप वल्हं पाण्यात उभं धरून दांड्याला कान लावायचा. खाली घोळ मासे आले की त्यांचा आवाज लाकडातून वर येतो. पुढे कारखान्यांचं पाणी खाडीत उतरलं, मासळी सरली, होडी विकली गेली, आणि मोडक्या वल्ह्याचा तुकडा घेऊन दामाजी त्याच कारखान्यांपैकी एकात फिटर झाला.

त्याची थोरली मुलगी नीला इंग्रजी घेऊन बी.ए. झाली. कंपनीच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात तिला लावलं तेही दामाजीनंच, साहेबांच्या मागे लागून. वस्तीत तो सांगत फिरायचा, “माझी पोर गोऱ्यांशी बोलते.” तोवर ती एकाही गोऱ्याशी बोलली नव्हती.

तो योग अठ्ठ्याण्णव साली आला. परदेशातून एक इंजिनीअर पेट्या घेऊन आला. एका पेटीत हेल्मेट होतं. कपाळावर कॅमेरा, एका डोळ्यापुढे बोटभर काच, दोन्ही कानांवर जाड हेडफोन. डोंबिवलीत फिटरनं ते घालायचं. त्याला जे दिसेल ते फोनच्या खास लाइनवरून वागळे इस्टेटमधल्या पडद्यावर यायचं. इंजिनीअर पडद्यावर लाल बाण काढायचा, आणि तो बाण फिटरला काचेतून थेट नटावर टेकल्यासारखा दिसायचा. इंजिनीअरला मराठी येत नव्हतं, दामाजीला इंग्रजी. म्हणून मध्ये नीला बसली, हेडफोन लावून.

पहिल्या दिवशी टोपी डोक्यावर चढल्यावर दामाजी हसला. “नीला गो, याचा बाण माझ्या हाताच्या आरपार जातोय. भूत हाय का काय?”

नीलाही हसली. दोन दिवस मजेत गेले.

तिसऱ्या दिवशी वागळे इस्टेटला बघायला पाहुणे आले. सुटाबुटातली आठ माणसं, मागे मॅनेजर साहेब. कॉम्प्रेसर उघडून नवं बेअरिंग बसवायचं होतं. बाण सरकत गेला, दामाजीचे हात त्यामागून गेले. पडद्यावर ते हात मोठे दिसत होते, नखांतलं काळं ग्रीससुद्धा. नीलाला ती नखं लोकांनी बघू नयेत असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. घरी ती बापाला अरे-तुरे करायची. त्या दिवशी तिच्या तोंडून ‘तुम्ही’ निघालं. “आबा, तुम्ही आता डावीकडचा नट घ्या.”

पलीकडे दामाजी क्षणभर थांबला. “बरं,” म्हणाला.

मशीन सुरू झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात नीलाच्या कानात बापाचा आवाज आला. “थांबव गो. हाताला बरा लागत नाय. टोपी काढतो, जरा कान लावू दे मना.”

इंजिनीअरनं तिच्याकडे वळून विचारलं, “काय म्हणतायत?”

आठ माणसं बघत होती. आबा लाकूड कानाला लावतात, मासे ऐकतात तसं, हे इंग्रजीत कसं सांगायचं? आणि टोपी काढली की पडद्यावर कारखान्याचं छत दिसणार. पडद्यावर पंजा आला, तसं मॅनेजर साहेबांनी मान आडवी हलवली.

“टोपी काढू नका,” नीला माइकमध्ये बापाला म्हणाली, “सगळे बघतायत.” मग इंजिनीअरकडे वळून इंग्रजीत म्हणाली, “सगळं ठीक आहे, म्हणतायत.”

सहाव्या दिवशी बेअरिंग फुटलं. कॉम्प्रेसरचा शाफ्ट वाकला, कारखाना तीन आठवडे बंद पडला. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

चौकशी वागळे इस्टेटला झाली. जबाब टाइप करायला नीलालाच बसवलं. दामाजी टेबलापलीकडे उभा होता, इस्त्रीच्या शर्टात.

“त्या दिवशी तुम्हाला काही वेगळं जाणवलं होतं?” मॅनेजर साहेबांनी विचारलं.

दामाजीनं मुलीकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. “नाय साहेब.”

“काही बोलला होतात?”

“नाय. मी काय बोलणार?”

नीलानं ते टाइप केलं. तिच्या बोटांना एकही चूक झाली नाही. खाली दामाजीनं सही केली.

शेरा पडला, ‘फिटरचा हलगर्जीपणा’. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याला घरी बसवलं. घरी तो त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलला नाही. पुन्हा पूर्वीसारखं “नीला गो” म्हणायचा, पण ती त्याला अरे-तुरे करू शकली नाही. चौदा महिन्यांनी, सकाळी दात घासताना, तो गेला. तिरडीवर ते लाकूड ठेवावं की नाही, यावर चुलत्यांत वाद झाला. शेवटी मंजुळानं, नीलाच्या आईनं, ते उचलून फळीवर ठेवलं. म्हणाली, “त्याचा काय गुन्हा?”

पंधराव्या दिवशी नीला मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहिली. “साहेब, तो शेरा काढा. आबा बोलले होते. मी सांगितलं नाही.”

“अगं, दुःखात माणूस काहीही बोलतो.”

“टेप लावा. त्या दिवशी रेकॉर्डिंग झालं होतं.”

साहेबांनी कपाटातून कॅसेट काढली. कदाचित दया आली असेल, कदाचित तिचं तोंड बंद व्हावं म्हणूनही. पडद्यावर हात दिसले, ग्रीस दिसलं. टाळ्या ऐकू आल्या. मग इंजिनीअरचा इंग्रजीतला प्रश्न, आणि नुसती घरघर.

“आवाज?” नीलानं विचारलं.

“त्यांचा आवाज फक्त तुझ्या हेडफोनमध्ये यायचा. टेपवर आलंय ते या खोलीतलं.”

पडद्यावर मशीनवरचा उजवा हात सुटला आणि वर, कपाळाकडे आला. पंजानं कॅमेरा झाकला, चित्र काळं झालं. त्या काळोखात एका मुलीचा स्वच्छ, शिकलेला आवाज आला: टोपी काढू नका, सगळे बघतायत. पंजा बाजूला झाला. मग तोच आवाज इंग्रजीत म्हणाला, सगळं ठीक आहे, म्हणतायत.

साहेबांनी टेप थांबवली. “यात त्यांचा एक शब्दही नाही, आहे तो तुझाच आवाज. आणि त्यांचा सही केलेला जबाब आहे. तूच टाइप केलेला.” मग जरा मऊ होत म्हणाले, “पुढच्या महिन्यात ते लोक नवं हेल्मेट घेऊन परत येतायत. तुझं काम त्यांना फार आवडलं होतं.”

“परत लावा,” नीला म्हणाली.

“कशाला त्रास करून घेतेस?”

“जरा मागून. हात वर येतो तिथून.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, पण लावली. हात वर आला, काळोख झाला, तो आवाज आला. मग हात खाली गेला आणि मशीनवर सपाट टेकला, पाचही बोटं पसरून. टेप संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.