तीन हँडलं आणि डॅशबोर्डातलं बिऱ्हाड

मी गाडीचं बॉनेट उघडलं आणि आतून माझ्याकडे कुणीतरी बघितलं.

बॉनेट खाली केलं. चष्मा पुसला. पुन्हा उघडलं. आता दोघे बघत होते.

एरवी उंदीर बघून घाम फुटणाऱ्यांतला मी नाही. पण बाबांच्या वाढदिवसाला बारा दिवस उरले होते, आणि त्या दिवशी सकाळी दहा वाजता ताई येणार होती.

हे जरा समजावून सांगायला हवं. बाबांनी जाताना गाडी आम्हा दोघां भावंडांना मिळून दिली, म्हणजे थोडक्यात भांडणच दिलं. तोडगा ताईने काढला. गाडी माझ्या गॅरेजात राहील. दर वर्षी बाबांच्या वाढदिवसाला ती येईल, आणि तिच्यासमोर मी गाडीच्या तोंडात लोखंडी दांडा घालून हँडल मारायचं. तीन हँडलांत गाडी सुरू झाली, तर पुढचं वर्ष माझं. नाही झाली, तर त्याच दिवशी गाडी ताईची. शिवाय गाडीत बाबांच्या वेळी नव्हती अशी कुठलीही वस्तू बसवायची नाही. या कलमासाठी ताई सोबत टॉर्च आणते. एका वर्षी मी गिअरच्या दांड्याला प्लास्टिकची मूठ बसवली होती. तिने ती पिळून काढली आणि पडलेला दुधाचा दात द्यावा तशी माझ्या तळहातावर ठेवली.

एकोणीस वर्षं गाडी सुरू होत आली. आणि ती होणं भागच होतं, कारण ताईच्या जावयाचं सोफ्यांचं दुकान आहे. रस्त्याकडेला मोठी काच आहे. त्या काचेमागे बाबांची गाडी उभी करायची, तिचं छत कापायचं आणि आत तीन माणसांचा लाल सोफा बसवायचा, असं जावयाच्या मनात होतं. मनातच नव्हे, कागदावरही होतं. मी तो कागद पाहिलाय. छताच्या जागी त्याने कात्रीचं चित्र काढलं होतं.

तर उंदीर.

मिस्त्रीला बोलावलं. हा मिस्त्री गाडीपेक्षा चार वर्षांनी लहान आणि तिच्याइतकाच कुरकुरणारा. टॉर्च दातांत धरून त्याने डॅशबोर्डाखाली डोकं घातलं आणि तिथूनच अहवाल द्यायला लागला.

"बिऱ्हाड जुनं आहे, साहेब. दोन खोल्या, मधे ये-जा करायला दार."

"थट्टा नको, मिस्त्री."

"थट्टा कुठली? कप्प्यात बाळंतिणीची खोली आहे. हात घालू नका, नुकतीच सुटलीय."

कप्प्यात बाबांची माहितीपुस्तिका होती, बेचाळीस पानांची. तिची बाळंतिणीने एकसारखी चिरून मऊ गादी केली होती. शाबूत पान एकच राहिलं होतं, 'वाहनाची निगा' या मथळ्याचं. मागच्या सीटमधला काथ्या काढून त्यांनी पुढच्या सीटमध्ये नेला होता आणि पुढच्या सीटमधला मागे. का, ते विचारू नका. आमच्या घरातही सामान असंच हलत असतं.

आणि प्लगच्या वायरी सफाचट.

"तासाभराचं काम आहे," मिस्त्री म्हणाला. "प्लास्टिकच्या टाकतो."

"ताई टॉर्च घेऊन येते."

"मग कुठल्या टाकू?"

"होत्या तशाच. सुती आवरणाच्या, मेणात बुडवलेल्या."

मिस्त्रीने टॉर्च विझवला. "साहेब, त्याच तर त्यांनी खाल्ल्या. पुन्हा त्याच टाकायच्या म्हणजे ताट वाढून ठेवण्यातला प्रकार."

"वाढा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट चाटूनपुसून साफ होतं. मिस्त्रीने पुन्हा वायरी केल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा साफ. चौथ्या दिवशी मला वाटलं की मेण जरा जास्तच चांगलं वापरतोय मिस्त्री, कारण उंदरांनी वायरी संपवून मेणाच्या डब्यालाही हात घातला होता.

पिंजरा लावला. त्यातला पाव गेला, पिंजरा बंद, आत कुणी नाही, आणि पावाच्या जागी दोन लेंड्या, पोचपावती दिल्यासारख्या. डांबराच्या गोळ्या टाकल्या. त्या त्यांनी ढकलत ढकलत सायलेन्सरमध्ये नेल्या. मेहुण्याने एक आवाजाचं यंत्र आणून दिलं. त्याचा आवाज म्हणे माणसाला ऐकू येत नाही, उंदराला मात्र सहन होत नाही. उंदरांनी सहन केला. बायकोचं डोकं मात्र दोन दिवस दुखलं.

"बंद करा ते!"

"अगं, माणसाला ऐकू येत नाही ते."

"मग मी कोण आहे?"

या प्रश्नाला चाळीस वर्षांच्या संसारात सुरक्षित उत्तर मला सापडलेलं नाही. यंत्र बंद केलं.

मग शेजारणीचं मांजर आणलं. मांजर प्रशस्त होतं. ते मागच्या सीटवर चढलं, तीन गिरक्या घेतल्या आणि झोपलं ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी कप्पा उघडून पाहिला तर गादीला मांजराच्या केसांचं नवं अस्तर लागलेलं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शेजारीण मांजर न्यायला आली तेव्हा म्हणाली, "हडकलंय हो. पाठीवर विरळ झालंय." मी हवेला दोष दिला.

शेवटी घरातल्या भांडी घासायच्या तारेच्या घासण्या गोळा करून गाडीची भोकं बुजवायला घेतली. त्या दिवशी बायको गॅरेजाच्या दारात येऊन उभी राहिली. हातात करपलेलं पातेलं.

"अहो, घासणी?"

"डाव्या चाकाच्या वर."

"सगळ्या?"

"एक सायलेन्सरपाशी आहे, पण ती देता येणार नाही."

तिने पातेलं खाली ठेवलं. गॅरेजाकडे तिने एकदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. त्या जागेत तिला शिलाईचं मशीन आणि कापड कापायचं लांब टेबल मांडायचं होतं, गेली अठरा वर्षं. ती नजर मला आवडली नाही.

भोकं बुजवून झाल्यावर मिस्त्री आला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "बंदोबस्त चोख आहे. पण साहेब, उंदीर आत असताना बुजवलंत की बाहेर असताना?"

मी सगळ्या घासण्या काढल्या. त्यातच संध्याकाळ गेली.

वाढदिवसाच्या दिवशी मी पहाटेपासून गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलो. साडेनऊला मिस्त्रीने ताज्या वायरी जोडल्या. मी फक्त सदरा बदलायला आत गेलो. तीन मिनिटं, फार तर चार. बटणंही बाहेर येऊन लावली.

ताई दहाला पाच कमी असताना आली. वय एक्याऐंशी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात टॉर्च. मागे जावई, त्याच्या हातात मोजपट्टी. आणि गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो.

"टेम्पो आधीच?" मी म्हणालो.

"दर वर्षी आणतो आम्ही," ताई म्हणाली. "तुझं लक्ष यंदाच गेलं. घाबरलायस का?"

"मी? छे!"

"मग मार हँडल."

पहिलं मारलं. काही नाही. दुसरं मारलं, तेव्हा भोंगा आपोआप वाजला, बारीक, कुणाच्या तरी पायावर पाय पडल्यासारखा. तिसऱ्याला मी सगळा जोर लावला. जाळीतून बदामाचं एक टरफल माझ्या पायाशी येऊन पडलं. बस्स. झालं.

एकोणीस वर्षं संपली. ते कात्रीचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून मी आयुष्यात क्वचित करतो ते केलं. सरळ खरं सांगून टाकलं.

"ताई, गाडीत उंदीर आहेत. सतरा. एक बाळंतीण आहे. वायरी खातात. मांजराच्या केसांची गादी केलीय त्यांनी. एक तर वेगाच्या काट्याच्या डबीत राहतो, तो धावला की उभ्या गाडीचा वेग चाळीस दिसतो. ये, बघ."

ताईने टॉर्च मारून काटा बघितला. तो शून्यावर. राहणारा नेमका बाहेर गेलेला.

जावई इतका हसला की मोजपट्टी सुर्रकन त्याच्या हातातून आत गेली. ताई हसली नाही.

"थापाड्या," ती म्हणाली. लहानपणापासून ती मला हेच म्हणते. "गेल्या वर्षी तू म्हणालास, ही गाडी नदी पोहून आली. त्याच्या आधी म्हणालास, घाटात ब्रेक गेले तेव्हा तू उताराला 'थांब' म्हणालास आणि उतार थांबला. आता उंदीर गादी शिवतात?"

"ते तेव्हाचं वेगळं. हे खरं आहे!"

"ते पण खरंच होतं ना, तुझ्या म्हणण्याप्रमाणे?"

मी बायकोकडे वळलो. तिने सगळं पाहिलं होतं. तिच्या घासण्या गेल्या होत्या, तिचं डोकं दुखलं होतं. "तू सांग हिला."

"बहीण-भावाच्या मधे मी पडत नाही," बायको म्हणाली, आणि मशीन खिडकीपाशी ठेवावं की दाराशी, हे तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं.

गाडी टेम्पोत चढली. मी जावयाच्या मागे मागे गेलो. "जावईबापू, निदान सोफ्यांपासून लांब ठेवा हो. त्यांना काथ्या आवडतो. कापूसही."

"असू दे, मामा," तो म्हणाला. "उंदरांनाही बसायला काहीतरी हवंच की."

टेम्पो वळला तेव्हा मागच्या काचेतून दोघे बघत होते. तेच ते. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

त्याच दुपारी गॅरेजात मशीन आलं, टेबल आलं, पडदासुद्धा लागला. बायको गाणं गुणगुणत होती. आणि मला बसायला जागा नव्हती. एकोणीस वर्षं मी सकाळी चहा पिऊन गॅरेजात जायचो आणि जेवायच्या हाकेला बाहेर यायचो. आता घरभर होतो. डबे उंचीप्रमाणे लावले. दाराच्या कडीला तेल दिलं, मग तेल जास्त झालं म्हणून पुसलं. बायको शिवत असताना शेजारी उभं राहून टाका कुठे तिरका जातोय ते सांगितलं. चौथ्या दिवशी तिचं मशीन उघडून साफ केलं. बंद केल्यावर तीन स्क्रू उरले, पण मशीन चालत होतं. जवळजवळ.

सातव्या दिवशी तिने विचारलं, "तुम्हाला कुठे बाहेरगावी वगैरे नाही का जायचं?"

अकराव्या दिवशी टेम्पो परत आला. पुढे जावई बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल.

"मामा, गाडी उतरवून घ्या."

"का हो? आणि छत?"

"छत कापणारा माणूस आत शिरला आणि ओरडत बाहेर आला. पैसे नको म्हणाला. आणि मामा, ते सतरा नव्हते."

"मग?"

"एकवीस. आता गाडीत एकही नाही. सगळे सोफ्यांत गेले. काल एक बाई सोफ्यावर बसून बघत होत्या, तर सोफा त्यांच्याखालून दाराकडे चालायला लागला. शपथेवर सांगतो! कुणी विश्वास ठेवत नाही माझ्यावर."

मी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "असेल," म्हणालो.

पण गाडी आता कागदोपत्री, म्हणजे ताईच्या तोंडी, ताईची होती. फोन लावला.

"जावई परस्पर घेऊन आले," मी म्हणालो.

"मला विचारल्याशिवाय? नियम नियम आहे. सुरू होत नाही ती गाडी माझी."

"आणि झाली तर?"

ती म्हणाली, "तर तुझी. पण गुडघा धरलाय माझा, मला येववत नाही. फोनवर ऐकव. तीन हँडलं, एक जास्त नाही."

मिस्त्री बोलावला. सुती वायरी, मेण, सगळं पूर्वीसारखं. गॅरेजातलं टेबल बाजूला सरकवलं. मी हँडल मारलं आणि पहिल्याच हँडलला गाडी सुरू झाली. पहिल्या! एकोणीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. मी फोन बॉनेटवर धरला.

"ऐकलंस? पहिल्या हँडलला!"

"हा मिक्सर आहे," ताई म्हणाली.

"मिक्सर? अगं, गाडी आहे!"

"पहिल्या हँडलला बाबांच्या हातूनसुद्धा नाही व्हायची. तुला कशी होईल? निदान तिसऱ्या म्हणायचं, थापाड्या. पटलं तरी असतं."

मी मिस्त्रीला फोन दिला. ती म्हणाली, मिस्त्री तुझाच माणूस. मी भोंगा वाजवला. ती म्हणाली, भोंगा रस्त्यावरचाही असतो. पाव तास झाला. कान तापला, टाकीतलं पेट्रोल संपत चाललं. गाडी बंद पडली असती तर पुन्हा सुरू होईल की नाही हे मला तरी कुठे माहीत होतं?

तेव्हा बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

"वन्सं, मी बोलतेय. गाडी चालू आहे. पहिल्याच हँडलला झाली."

"खरंच?" पलीकडून आवाज आला.

"हो."

"बरं. मग त्याची."

आणि फोन बंद. मिनिटही लागलं नाही. गाडी परत मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण आधी संतापच आला.

"हे त्या दिवशी बोलायला तुला काय झालं होतं?" मी विचारलं.

"त्या दिवसापर्यंत तुम्ही गॅरेजात असायचात," ती म्हणाली. टेबलावरचं कापड तिने घडी करून काखेत मारलं आणि मशीनचं एक टोक धरलं. "मिस्त्री, दुसरं टोक धरा, हे घरात न्यायचंय. आणि तुम्ही बसा गाडीत. जेवायला हाक मारीपर्यंत बाहेर येऊ नका."