एका ओळीतली विहीर

“बाई, हे काय केलंत?” कौस्तुभने फॉर्म टेबलावर आपटला. “एक लाईन दिलीय, तर लाईनीतच लिहायचं ना! तुम्ही मार्जिनमधून चढत चढत पार फोटोपर्यंत पोचलात.”

सुझान ओशाळली. विरारच्या कौस्तुभ एजंटच्या ऑफिसात बसलेल्या पोरी टकामका तिच्याकडे बघत होत्या. इस्रायलमधल्या एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला सांभाळायला बाई हवी होती. पापडीच्या एका इस्पितळात बरीच वर्षं आयाचं काम केलेली सुझान त्या घरच्यांना पसंत पडली होती. उरला होता व्हिसाचा फॉर्म, आणि त्यानेच तिला मेटाकुटीला आणलं होतं. नाव, नवऱ्याचं नाव, गाव भुईगाव, सगळं तिने तांदळाएवढ्या चौकटींत एकेक अक्षर करून कोंबलं. मग तो प्रश्न आला. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? हो की नाही? हो असल्यास तपशील द्या. आणि त्याखाली चौकटींची एकच ओळ.

सुझानने ‘हो’वर खूण केली होती.

“पण कशाला?” कौस्तुभ वैतागला. “केस कधीच मागे घेतली ना? पोलिसांचा दाखलापण क्लीन आलाय. ‘नो’वर टिक करायची आणि मोकळं व्हायचं. मागे एकीने असाच शहाणपणा केला, ती अजून घरी बसलीय.”

“पन झाली होती ना अटक. खोटं कसं लिवू?”

“मग लाईनीत बसवा. हा घ्या कोरा फॉर्म, शेवटचा. शुक्रवारी पेपर जाणार. नंतर मला बोलू नका.”

आता ती अटक एका ओळीत बसणार कशी? भुईगावात ती गोष्ट सांगायला घेतली की चहा दोनदा होतो. नव्या बिल्डिंगांसाठी टँकर गावच्या विहिरीचं, म्हणजे बावेचं, गोडं पाणी उपसून नेत होते. एके सकाळी बायकाच रस्त्यावर आडव्या झाल्या. सुझानच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सासूने, रिटाने, तिला चुलीपुढून हाताला धरून उठवलं होतं. “चल. पानीच नाय ऱ्हायलं तर भात कशात शिजवशील?” पोलिसांच्या गाडीत बायकांनी रोझरीची प्रार्थना धरली, तेव्हा शेजारची आशालताकाकू त्यांच्यामागून तिचा रामरक्षेचा सूर लावत होती. ठाण्यात हवालदाराने शाळेसारखी हजेरी घेतली. सुझान घाबरून पुटपुटली, तशी सासू तिच्यावर खेकसली, “जोरात बोल! चोरी नाय केली आपन.” मग सुझान अशी ओरडली, “हजर!” की हवालदारसुद्धा हसला. संध्याकाळी सगळ्या सुटून आल्या.

तेव्हापासून दर मे महिन्यात विहिरीजवळच्या क्रुसापाशी रोझरी झाली की आशालताकाकू हवालदाराचा आवाज काढून तीच हजेरी घेते. नावं तिला तोंडपाठ आहेत. जी वारली किंवा परदेशी मुलाकडे गेली, तिच्या घरातलं कुणीतरी तिच्यासाठी ‘हजर’ म्हणतं. असा तो गावचा रिवाज.

विहीर मात्र वाचली नाही. पाणी हळूहळू मचूळ झालं, मग खारट. केळी गेल्या, पानवेल गेली. सुझानचा नवरा कॉन्रॅड भाड्याची रिक्षा चालवायला लागला, आणि आता पाठीने असा धरलाय की उठता-बसता देव आठवतो. म्हणून तर सुझानला जायचं होतं. जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

संध्याकाळी ती कोरा फॉर्म घेऊन ज्युलियस सरांकडे गेली. सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा पुसला, चौकटी बोटाने मोजल्या आणि वहीच्या कागदावर इंग्रजीत लिहायला बसले. आधी विहीर, टँकर, बायका, रोझरी सगळं आलं. ते मावेना. त्यांनी रोझरी काढली. मग बायका काढल्या.

“टँकर ऱ्हाऊ दे, सर,” सुझान काकुळतीला आली.

“टँकर ठेवला तर विहीर जाते गं.”

“मंग पानी तरी ठेवा.”

सरांनी पुन्हा चौकटी मोजल्या. शेवटी एक ओळ बरोब्बर बसली. त्यांनी तिला तिचा अर्थ वाचून दाखवला: दंगलीबद्दल अटक, वसई.

हे खरं होतं. पोलिसांनी कलम तेच लावलं होतं. पण हे वाचून तिकडची म्हातारी तिला आपल्या अंथरुणाजवळ तरी येऊ देईल का? ‘नाही’ लिहावं तर ते खोटं, आणि हे असं खरं लिहावं तर ते त्याहून खोटं. तिला रडूच आलं. सरांनी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली.

शुक्रवारी कौस्तुभसमोर तिने ‘नाही’वर खूण केली.

“झालं की! एवढ्यासाठी दोन दिवस घातलेत?” तो म्हणाला.

घरी रिटा सुकट निवडत बसली होती. “काय लिवलं?” तिने मान वर न करता विचारलं.

“नाय म्हनून लिवलं, आय.”

“बरं केलं. त्या कागदाला काय ठावं आपली बाव.” सासू एवढंच म्हणाली आणि सुपात बघत राहिली. ती ओरडली असती, तर सुझानला बरं वाटलं असतं.

मे उजाडला. व्हिसा लागला, तिकीट आलं. जायच्या आधीच्या रविवारी क्रुसापाशी रोझरी होती. विहिरीचं पाणी आता कुणी भरत नाही, तरी पोरींनी काठ धुऊन मेणबत्त्या लावल्या होत्या. रोझरी संपली. आशालताकाकूने पदर खोचला, घसा खाकरला आणि हजेरी सुरू केली. हशा पिकत होता. एकेक बाई ‘हजर’ म्हणून ओरडत होती. रिटाचं नाव आलं, तिनेही ‘हजर’ म्हटलं.

“सुझान कॉन्रॅड!”

सुझानने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. ज्या हाताने ती खूण केली, तो तिने पदराखाली घेतला.

“सुझान कॉन्रॅड!” काकूने पुन्हा पुकारलं. हसणं थांबलं. बायका वळून बघायला लागल्या.

“हजर,” रिटा म्हणाली.

आशालताकाकूने रिटाकडे बघितलं. मग तिने पुढचं नाव घेतलं. सुझान सासूच्या शेजारीच उभी होती.