पिवळं झालं तरी घासा

बंद पडलेल्या सलूनसमोर सकाळपासून रांग होती. आत जुन्या फिरत्या खुर्चीत एकेकाने बसायचे, मान मागे टाकायची आणि दंतगुरूंनी ओल्या फडक्यावर राखाडी पूड घेऊन दात घासून द्यायचे. टॅक्सीवाल्याच्या दातावरचा तंबाखूचा डाग चार वेळा हात फिरवताच गेला, तेव्हा सगळी रांग दारातून आत वाकली.

"दातावर साचलेलं किटण म्हणजे दगड," गुरू म्हणाले. "लोक दगडाला ब्रशनं गोंजारत बसतात. आपण सुरुंग लावतो. ठणकतंय? ठणकू दे. रोग घर सोडताना दार आपटतोच."

लोक हसले. माझी बायकोही हसली, पण ओठ न उघडता. महिनाभर ती ही पूड लावत होती. आधी दात असे चकाकले की शेजारणी पाहायला आल्या. मग ते पिवळे पडू लागले. गार पाणी तर सोडाच, खिडकीतून येणारा वाराही झोंबू लागला.

"अगं, पुरे कर आता," मी म्हटले.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

फारसे कळत नव्हतेच. दोन पुस्तके चाळली होती. पण छापील वाक्य माझ्या तोंडी आले की त्याचा जीव जातो. म्हणून तिच्या भाचीला फोन केला होता. ती दातांची डॉक्टर.

बायकोची पाळी आली. गुरूंनी तिचा ओठ वर केला. "बघा, आतलं किटण वर आलं. मुरलेलं आहे. आता दिवसातून तीनदा घासा."

"मावशी, तशीच बस," भाची दारातून म्हणाली.

"ताई, रांगेतून या," गुरू म्हणाले.

"रांगेतूनच आले. काका, एखादी काच आहे का?"

मी चष्मा काढून दिला. दुसरे काही सुचले नाही. माझी भिंगे अजून जुन्या पद्धतीची, खऱ्या काचेची. तिने एका भिंगावर चिमूटभर पूड फडक्याने चोळली, पुसली आणि उजेडात धरली. भिंगभर ओरखडे उमटले होते.

"काचेला कुठं दात असतात?" गुरू म्हणाले. रांग पुन्हा हसली.

"नसतात. पण दाताचं कवच काही काचेहून कडक नाही. या पुडीत रेती आहे. डाग जातो, आणि त्याबरोबर कवचही जातं."

"मग ते पिवळं काय?" टॅक्सीवाल्याने विचारले.

भाचीने पर्समधून छोटा आरसा काढला. सलूनच्या मोठ्या आरशासमोर तो तिरका धरून मावशीला खालच्या दातांची मागची बाजू दाखवली. "हे किटण. खरबरीत, हिरडीला चिकटलेलं. तिथं फडकं पोचत नाही, म्हणून जसंच्या तसं आहे." मग तिने पुढच्या दातावर नख ठेवले. "आणि हे गुळगुळीत पिवळं किटण नाही मावशी, हा तुझा दात आहे. वरचं कवच झिजलं, आतला भाग दिसायला लागला. तू जितकं घासशील तितकं पिवळं दिसणार, आणि हे म्हणणार, आणखी घासा."

गुरूंनी फडके झटकले.

"परत येईल?" बायकोने विचारले.

"कवच नाही येत. उरलंय ते वाचवू. मागचं किटण मी दवाखान्यात काढून देते."

ती उठली. तिच्या जागी लगेच दुसऱ्या बाई बसल्या. "मला आपलं हलक्या हातानं घासा हं," त्या म्हणाल्या. टॅक्सीवाला मात्र आमच्याबरोबर बाहेर पडला, जिभेने दात चाचपत.

रागवायचेही आता त्राण नाही, आणि माझे कोण ऐकणार हाही प्रश्नच आहे. तरी सांगतो. दात पांढरा झाला, पूड खरी. पिवळा झाला, तरी पूड खरी. दुखला, मग तर विचारायलाच नको. ज्या उपायाला हरताच येत नाही, त्याने कुणाला बरे केले हेही कधी कळत नाही. म्हणून उपाय देणाऱ्याला आधी एवढेच विचारा: हा चुकला, तर मला कशावरून कळेल? उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडू नका.