तात्यापाऱ्यातलं तिसरं घर

मित्रांनो, माझ्या कडेला पोचा आहे आणि बटणावर दोनदा चिकटपट्टी लावलेली आहे, एवढ्यावरून मला भंगारात काढू नका. मी सेलवर चालणारा, हातात धरायचा जुना भोंगा आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यात (इथं मोहल्ल्याला पारा म्हणतात) आज माझ्याइतका मान दुसऱ्या कुठल्या यंत्राला नाही. बढाई वाटली तर वाटू द्या.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झाली, त्याच वर्षी गोल बाजारातल्या लहानू भांडेवाल्यानं मला दुकानात आणलं. पुढची बारा-तेरा वर्षं मी ओरडून ओरडून स्टीलचे डबे, कुकर आणि पराती विकल्या. धनतेरसला तर माझा घसा बसायचा. लहानू सगळ्यांना सांगायचा, "अपना भोंपू पूरे बाजार में नंबर एक है." मग एकदा आवाज भरून ठेवला की दिवसभर तेच ते बोलत राहणारे स्पीकर आले आणि माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली. तिथं वर्षानुवर्षं कुणी माझं बटणसुद्धा दाबलं नाही. फार अपमान वाटला, खोटं कशाला बोलू?

तिथून मला गंधालीनं लहानूकडून मागून खाली काढलं. गंधाली रायपूरच्याच शंकरनगरची. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे तिचं घर विदर्भातून इथं आलेलं. आपलं प्रेम शर्मिष्ठा नावाच्या मुलीवर आहे, हे तिनं घरी उघड सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं असं प्रेम गुन्हा नाही म्हणून निकाल दिला होता, तरी नातेवाईक म्हणाले, "हे दिल्ली-मुंबईचं फॅड. आपल्या रायपुरात, आपल्या मराठी लोकांत असं कधी नव्हतं." ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. असं होतं, इथंच होतं, हे दाखवायचंच असं तिनं ठरवलं आणि दर रविवारी सकाळी लोकांना पायी फिरवायला सुरुवात केली. गोल बाजारातून निघायचं, तात्यापाऱ्यातून जायचं आणि पुरानी बस्तीत किन्नरांच्या डेऱ्यावर, म्हणजे तृतीयपंथीयांच्या घरी, चहा घेऊन थांबायचं. वाटेत ती त्या त्या जागच्या माणसांच्या गोष्टी सांगायची, आणि तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत न्यायचं काम माझं. डब्यांपेक्षा हे काम केव्हाही मोठं.

सगळ्यांत लाडकी गोष्ट गोदावरीची. ती डेऱ्यातल्या वडीलधाऱ्या कांताबाईंनी सांगितलेली. गोदावरी तात्यापाऱ्यातल्या मराठी घरात मुलगा म्हणून जन्मली आणि विसाव्या वर्षी साडी नेसून डेऱ्यावर आली. कुणाकडे बाळ जन्मलं की डेऱ्यावरची मंडळी ढोलक घेऊन बधाई गायला जात. इतर जणी हिंदीत, छत्तीसगढीत गायच्या. मराठी घरी मात्र गोदावरी पुढं व्हायची आणि चक्क मराठी पाळणा म्हणायची. धाकट्या भावाला मुलगी झाली, तेव्हा ती स्वतःच्याच घरी गेली. तिला पाहून दार लागलं. ती पायरीवर उभी राहिली, पाळणा शेवटच्या ओळीपर्यंत म्हटला, बाळाला आशीर्वाद दिला आणि निघाली. त्या गल्लीत पुन्हा कधी आली नाही.

"घर कौन सा था?" गंधालीनं विचारलं होतं. "बाएँ हाथ का तीसरा, बेटी," कांताबाई म्हणाल्या. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या.

त्या गल्लीत दोन्ही बाजूंना पाच-पाच घरं आहेत. डाव्या हाताच्या तिसऱ्या घरात विजयाताई राहतात. त्यांच्या यजमानांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते घर घेतलं, त्यामुळे जुनं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पण गोष्ट ऐकून त्या इतक्या हरखल्या, की दर रविवारी पायरीवर रांगोळी काढू लागल्या. "आमच्या पायरीवरची गोदावरी," असं शेजारणींना सांगायच्या. तरी दर फेरीत कुणीतरी विचारायचंच, "दीदी, कोई सबूत है? कि सुनी-सुनाई बात है?" गंधालीकडे ना फोटो ना कागद. गोदावरी आमची होती असं म्हणणारं एक माणूस त्या घराण्यातून पुढं यावं, एवढीच तिची इच्छा होती. वर्ष उलटलं, कुणी आलं नाही. त्या प्रश्नापाशी तिचा आवाज खाली यायचा आणि मला तो मोठा करता यायचा नाही.

एका रविवारी गोष्ट पायरीपर्यंत आली, तोच समोरच्या घराचं दार उघडलं. ब्याऐंशी वर्षांचे अच्युतराव वझलवार काठी टेकत बाहेर आले.

"पोरी, घर चुकून राहिलं तुझं," ते म्हणाले.

"पण काका, कांताबाईंनी डाव्या हाताचं तिसरंच सांगितलं होतं."

"बरोबरच सांगितलं. पण गोदू पुरानी बस्तीकडून आली होती. तू गोल बाजाराकडून येऊन राहिली. तिचा डावा हात इकडे होता."

विजयाताईंचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे आमची नाही का ती?" त्या पुटपुटल्या.

"नाही हो बाई, आमची!" अच्युतराव एकदम मोठ्यानं म्हणाले. "वर्षभर आतून ऐकून राहिलो. तुम्ही परक्या, तुम्ही तिच्यासाठी रांगोळी काढून राहिल्या, अन् मी सख्खा भाऊ दार लावून बसलो. तेव्हाही दार मीच लावलं होतं. लोकांना वाटलं बाबांनी लावलं, पण बाबा तर घरी नव्हतेच." मग त्यांनी गंधालीपुढं हात केला. "दे मले तो भोंगा."

बटण दोनदा निसटलं, मी कर्कश शीळ घातली, आणि मग त्यांचा आवाज लागला.

"मी अच्युत वझलवार. गोदावरी वझलवार माझी मोठी बहीण. या घरात जन्मली. या पायरीवर तिनं माझ्या पोरीसाठी पाळणा म्हटला. हे मी सांगून राहिलो, तिचा भाऊ."

गॅलऱ्यांत माणसं आली. त्या दिवशी सबूत विचारलेल्या पाहुण्यानं टोपी काढली. गंधाली रडत होती आणि हसतही होती. विजयाताई आत गेल्या आणि रांगोळीचा डबा घेऊन रस्ता ओलांडून आल्या.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. वेळेवर सेल बदलले तरी मला पुष्कळ झालं. पण तुमच्या घरात एखाद्याचं नाव घ्यायचं टाळत असतील, तर ते माणूस आहे तोवर दार उघडा. अच्युतरावांना पाच वाक्यं बोलायला त्रेपन्न वर्षं लागली, आणि ती ऐकायला गोदावरी या जगात उरली नव्हती. मी मात्र होतो, आणि तिचं नाव मी पाऱ्याच्या पार त्या टोकापर्यंत पोचवलं.